पेलेटचा बॉयलर आला, म्हणून डिझेलचा भंगारात काढायचा का? दोन्ही बॉयलर एकत्र कसे जोडतात, समजून घ्या

युरोपात पेलेट बॉयलर घर उबदार ठेवण्यासाठी लावतात. पुण्याच्या थंडीला स्वेटर पुरतो, त्यामुळे आपल्याकडे घरात बॉयलर दिसत नाही. पण भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत तो रोजच्या कामाचा भाग आहे. सुट्या भागांना रंग देण्याआधी ते गरम पाण्याच्या टाकीत धुवावे लागतात. हॉटेल, हॉस्टेल, लाँड्री, दूध प्रक्रिया इथेही गरम पाणी किंवा वाफ लागते.

चिंचवडच्या थरमॅक्स चौकाला ज्या कंपनीचं नाव आहे, ती बॉयलर बनवण्यासाठीच ओळखली जाते. १९६६ साली ती ‘वॅन्सन इंडिया’ म्हणून सुरू झाली आणि १९८० मध्ये तिचं नाव थरमॅक्स झालं. मधल्या काळात, १९७३ च्या तेलसंकटामुळे तेल महागलं आणि भुसा, बगॅस असं इंधन जाळण्याचा विचार जोर धरू लागला. आजचा पेलेट त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

पेलेट म्हणजे काय?

लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, सोयाबीनचा भुसा, उसाचं पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या असा माल दळून, सुकवून, दाबून केलेल्या गोळ्या. त्यांची जाडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर असते. ज्याला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात ते ब्रिकेट याहून बरेच जाड असतात. पेलेट बारीक असल्यामुळे स्क्रूने आपोआप भट्टीत जातात, माणसाला फावडं मारत बसावं लागत नाही.

पैसे खरंच वाचतात का?

एक लिटर डिझेलमधून सुमारे ८,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. एक किलो चांगल्या पेलेटमधून सुमारे ३,८००. डिझेल बॉयलरची कार्यक्षमता ८७ टक्के आणि पेलेट बॉयलरची ७८ टक्के धरली, तर एक लिटर डिझेलचं काम करायला साधारण अडीच किलो पेलेट लागतात. डिझेल ९० रुपये लिटर धरा. म्हणजे पेलेट ३६ रुपये किलोपेक्षा स्वस्त मिळाले की इंधनखर्चात बचत सुरू. त्यातून राख काढणं, साठवण, वीज आणि माणसाचा पगार वजा करायला विसरू नका.

मग डिझेलचा बॉयलर ठेवायचा कशाला?

पहिलं कारण पावसाळा. पेलेटला ओल लागली की तो फुगतो आणि त्याचा भुगा होतो. स्क्रू अडकतो, धूर वाढतो, उष्णता घटते. जून ते सप्टेंबरमध्ये हे हमखास घडतं. दुसरं कारण राख. शेतातल्या काडीकचऱ्यात क्षार जास्त असतात. ते वितळून भट्टीत खडे धरतात आणि साफसफाईसाठी बॉयलर थंड करावा लागतो. तिसरं कारण वेळ. पेलेट बॉयलर पेटून पूर्ण तापायला वेळ घेतो, डिझेलचा बर्नर बटण दाबताच पेटतो. धुण्याची टाकी थंड पडली तर मागची अख्खी लाइन थांबते. एका शिफ्टचं नुकसान महिन्याच्या इंधनबचतीवर पाणी फिरवू शकतं.

जोडणी कशी करतात?

गरम पाण्याच्या व्यवस्थेत दोन्ही बॉयलर एकामागे एक न जोडता समांतर जोडतात. दोघांचं पाणी एका सामायिक पाइपात, म्हणजे हेडरमध्ये येतं. या जोडणीत पुढच्या गोष्टी हव्यातच:

• प्रत्येक बॉयलरला स्वतःचा पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि बंद करायचा व्हॉल्व्ह. नॉन-रिटर्न नसेल तर चालू बॉयलरचं गरम पाणी बंद बॉयलरमधून फिरतं आणि ती उष्णता चिमणीतून उडून जाते. तुमचे पैसेही तिच्यासोबत.

• मधे साठवण टाकी. पेलेटची आग क्षणात विझत नाही. जास्तीची उष्णता टाकीत साठते आणि गरज पडली की वापरता येते.

• परत येणारं पाणी फार थंड नको. ते ५५ अंशांखाली गेलं तर बॉयलरच्या आत आम्लयुक्त ओल धरते आणि पोलाद गंजतं. म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्हने त्यात थोडं गरम पाणी मिसळतात.

• प्रत्येक बॉयलरला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधे दुसरा कोणताही व्हॉल्व्ह चालत नाही.

• चिमण्या वेगळ्या. एकच असेल तर चालू बॉयलरचा धूर बंद बॉयलरमधून खोलीत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोण कधी चालू होणार?

ही गंमत थर्मोस्टॅटच्या आकड्यांत आहे. समजा पेलेट बॉयलर टाकी ८० अंशांवर ठेवतो. डिझेल बॉयलरला सांगायचं, टाकी ६५ च्या खाली गेली आणि १५ मिनिटं खालीच राहिली, तरच पेट. ७० झाली की थांब. दोघांनाही ८० वर लावलं तर चपळ डिझेल बॉयलर दर वेळी आधी धावतो आणि पेलेट बॉयलर नुसता धुमसत राहतो. ‘पेलेट लावूनही डिझेलचं बिल कमी होईना’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

वीज गेली तर?

सर्वांत धोक्याचा क्षण हाच. वीज गेली की डिझेलचा बर्नर लगेच विझतो. पेलेट मात्र जाळीवर जळत राहतात, पंप बंद असतो आणि पाणी उकळू लागतं. त्यामुळे पेलेटच्या बाजूचा पंप जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर हवा, किंवा पंपाशिवाय पाणी आपोआप फिरेल अशी पाइपांची रचना हवी. कोटेशन घेताना विक्रेत्याला हा प्रश्न विचाराच.

वाफेचा बॉयलर असेल तर?

तत्त्व तेच, जबाबदारी मोठी. थंड लाइनमध्ये एकदम वाफ सोडली तर साचलेलं पाणी हातोड्यासारखं पाइपांवर आदळतं. म्हणून आधी पाणी काढून, व्हॉल्व्ह हळूहळू उघडून दुसरा बॉयलर जोडतात.

इथे कायदाही येतो. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. वाफेच्या बॉयलरची नोंदणी आणि तपासणी राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे असते आणि तो चालवणारा प्रमाणपत्रधारक लागतो. २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर किंवा पाणी १०० अंशांखालीच तापवणारी यंत्रणा कायद्याच्या व्याख्येत येत नाही. पण कागद लागत नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. शिवाय इंधन बदलताना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात ते बसतं का, हेही पाहावं लागतं.

तर भंगारात काढायचा का?

जुना डिझेल बॉयलर धड असेल तर नाही. मात्र नुसता उभा ठेवलेला बॉयलर म्हणजे बॅकअप नव्हे. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, डिझेल खराब होतं, नोझल तुंबतं आणि नेमका गरजेच्या दिवशी तो पेटत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास तो भारावर चालवा, तारीख वहीत लिहा. पावसाळ्याआधीची एक चाचणी तर चुकवूच नका.