तळटीप : आंबोलीची १०८ शिवालये
आंबोलीच्या (ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग) रानात १०८ शिवालये दडलेली असून त्यांपैकी मोजकीच आजवर उघडकीस आली, अशी स्थानिक श्रद्धा आहे. गंधर्वनगरासारखी, म्हणजे आकाशात भासून विरणाऱ्या मायावी नगरीसारखी, ती कल्पना वाटली, तरी पावसाळ्यातले धुके आणि दाट झाडी पाहता ती सहज झिडकारण्याजोगी नाही. येथे समोर असलेलेही दीर्घकाळ अज्ञात राहू शकते : हिरण्यकेशी नदी ज्या गुहेतून उगम पावते, तेथील महादेव मंदिरासमोरच्या कुंडात, भाविकांच्या डोळ्यांदेखत वावरणारा ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा चिमुकला मासा शास्त्राला २०२० मध्येच ज्ञात झाला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने या परिसराला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. तेव्हा शिवालयांच्या शोधात जाणाऱ्या वाचकाने कुंडाचे पाणी गढूळ करू नये.