तहात न लिहिलेलं कलम

आम्ही पडलो कॉमर्सवाले. लढाई म्हटली की आधी तिचा जमाखर्च मांडायचा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. खर्चाच्या बाजूला मुलूख गेला, स्वातंत्र्य गेलं. जमेची बाजू पुस्तकवाले कोरीच ठेवतात. ती ज्याला वाचायची असेल त्याने रात्री दहाला, उपाशीपोटी, इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहावं.

सात मजली वाडा. खाली दगड, वर लाकूड. १८०१ साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटलं तेव्हा जळला, १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळला, आणि पुन्हा उभा राहिला. तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. दिवाण तात्या जोग कारभारी माणूस. त्यांनी तलवार बाजूला ठेवून चोपडी उघडली. लढाया थांबल्या तशी माळव्याची अफू आणि कापूस इंदुरात येऊ लागला. मालामागे व्यापारी आले, व्यापाऱ्यांमागे हुंड्या वटवणारे सराफ आले.

पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी तर कमालच केली. इंदूरला रेल्वे यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं! आमच्याकडे साध्या स्कूटरच्या कर्जाला जामीनदार शोधताना माणसाची चप्पल झिजते. इथे ज्याने रणात हरवलं, त्यालाच ऋणको करून खातेवहीत बसवला. याला म्हणतात वसुली.

आता वाड्यापासून चार पावलं चाला, की सराफा. दिवसा इथे तोळामासा चालतो. रात्री सराफांच्या फळ्या लागतात आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात. रात्रभर वर्दळ राहिली म्हणजे दुकानांची राखण आपोआप होते, असं इथले लोक सांगतात. खादाड माणसाला पहारेकरी नेमणारी ही जगातली बहुधा एकमेव पेढी!

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करावी: कोवळं कणीस किसून तुपात परतलेलं, दुधात शिजवलेलं. थंडी असेल तर गराडू, म्हणजे तळलेलं कंद, वर मसाला आणि लिंबू. शिकंजी मागाल तर लिंबूसरबताची वाट बघू नका. समोर येतं ते घट्ट, गोड, दुधाचं प्रकरण. जिलबीचा थोरला भाऊ जलेबा एकट्याने संपवायला गेलात तर घरी वारस नेमून जा. आणि मधेच साबुदाण्याची खिचडी दिसते. आपल्याच घरची मुलगी सासरी भेटावी तसं होतं. नांदतेय मजेत, अंगावर फराळी चिवड्याचे दागिने.

मराठी फौजा नर्मदा ओलांडून आल्या, त्यांच्यामागून स्वयंपाकघरंही आली. फौजांचं पुढे काय झालं ते वर सांगितलंच. कंपनी सरकारचा कारभार १८५८ ला संपला, होळकरांचं संस्थान १९४८ ला मध्य भारतात विलीन झालं. तहावर सह्या करणारे दोन्ही पक्ष गेले. जिंकलेल्यांची चव या गल्लीत कुठे लागत नाही. हरलेल्यांची खिचडी मात्र मध्यरात्रीपर्यंत गरम मिळते, आणि तिच्यासाठी लोक रांग लावतात.