एक कोटी पंचेचाळीस लाखांची संध्याकाळ

तारीख ८ एप्रिल २०१९, वार सोमवार. पाडवा होऊन दोनच दिवस झालेत. तुम्ही जालन्यात, नव्या मोंढ्याजवळच्या एका चहाच्या हॉटेलात बसला आहात. दिवेलागण होऊन गेली तरी डोक्यावरचा पत्रा निवलेला नाही. गल्ल्यावरच्या गणपतीच्या तसबिरीला पाडव्याची साखरगाठी अजून लटकते आहे आणि तिला मुंग्या लागल्या आहेत. पाणी मागाल तर पोऱ्या एक ग्लास देतो; दुसरा मागितला की आधी मालकाकडे बघतो. गेल्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जालना आहे. बाहेर लोकसभेच्या प्रचाराची रिक्षा कर्ण्यावरून ओरडत जाते.

भिंतीवरच्या टीव्हीवर मोहालीचा पंजाब-हैदराबाद सामना लागलेला आहे. मागच्या बाकड्यावरची मंडळी मात्र तिकडं पाठ करून एकाच मोबाइलवर वाकली आहेत. तुम्हीही सरकून बसा. इथं परक्या माणसाला जागा करून देतात, आणि कबड्डीचं नाव काढलंत तर चहाही सांगतात.

मुंबईत प्रो कबड्डीच्या सातव्या हंगामाचा लिलाव चालू आहे.

“गेला,” मोबाइल धरलेला पोरगा म्हणतो. बदनापूरकडचा आहे, कॉलेजात शिकतो, गावच्या संघातून चढाया करतो. “तेलुगू टायटन्स. एक कोटी पंचेचाळीस लाख.”

“आन् आपल्यानी बोली जुळवली न्हाई?”

“न्हाई ना दादा. आपल्यानी संदीप नरवाल घेतला. एकोणनव्वद लाखाला.”

“म्हंजे पकडी करणाराला एवढे मोजले आन् चढाईवाला सोडला? मग मध्यरेषा कोण ओलांडणार, तुहा मामा?”

हा दादा सळईच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो. डबा शेजारी ठेवलाय आणि पाळीची वेळ झाली तरी उठत नाही. नरवाल अष्टपैलू आहे, चढाईलाही जातो, हे त्याला ठाऊक आहे. पण आत्ता ते त्याला ऐकायचं नाही.

यू मुंबाच्या सिद्धार्थ देसाईच्या जाण्यानं या बाकड्याला एवढं का लागलं, हे कळायला सहा महिने मागं या. ७ ऑक्टोबर २०१८. सहाव्या हंगामाचा पहिला दिवस, चेन्नई, यू मुंबा विरुद्ध पुणेरी पलटण. हेच हॉटेल, हाच टीव्ही, पण आवाज पूर्ण वाढवलेला. मुंबाच्या बाजूनं उंच, भरदार अंगाचा एक नवा पोरगा चढाईला येतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा, शेतकऱ्याच्या घरचा. लिलावात मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतलंय. आधी इथं त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. फार तर कुणाला आठवत असेल की जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. आज तो कोपरारक्षकाला अंगावर घेऊन मध्यरेषेकडं झेपावतो आणि दोघे-तिघे लोंबकळत असतानाही हात रेषेला लावतो. बाकड्यावर माणसं उभी राहतात. सामना ३२-३२ असा सुटतो आणि जालन्यात एका रात्रीत त्याचे पाठीराखे तयार होतात. लोक त्याला बाहुबली म्हणू लागतात. हंगामभरात २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण, म्हणजे सामन्याला दहाच्या वर.

आणि मग ३० डिसेंबर. कोची. बाद फेरीत यू मुंबा विरुद्ध यूपी योद्धा. समोरच्या संघाचा कर्णधार रिशांक देवाडिगा आहे. २०१५ मध्ये मुंबानं बंगळुरूला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं तेव्हा हाच रिशांक मुंबाचा होता, हुकमी चढाईला हक्कानं पाठवायचा गडी. २०१७ च्या लिलावात तो यूपीकडे गेला. २०१८ मध्ये यूपीनं त्याच्यासाठी १ कोटी ११ लाख मोजले. कोचीत मुंबा हरते. गुण पुन्हा ३४-२९. वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचं कर्णधारपद रिशांककडेच होतं. एकाच वर्षात, एकाच गुणसंख्येनं, त्याच माणसानं या बाकड्याला एकदा नाचवलं आणि एकदा गप्प बसवलं.

म्हणून आजचा राग नुसता सिद्धार्थचा नाही. अनुप कुमार गेला, मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही पकडीची जोडी गेली, रिशांक गेला. ज्याला जीव लावावा तो लिलावात दुसऱ्याची जर्सी घालतो. हा राग खरा आहे आणि मला त्यात काही पोरकटपणा दिसत नाही. मराठवाड्याचा स्वतःचा संघ या स्पर्धेत नाही. इथल्या माणसानं चारशे किलोमीटरवरच्या संघाला आपलं म्हणायचं तर त्यात आपला म्हणावा असा कुणी तरी हवा ना?

आता पुन्हा ८ एप्रिलला या, वाद रंगात आलाय.

पोरगा उठतो, बाहेरच्या फरशीवर विटकरीच्या तुकड्यानं अर्धं मैदान आखतो. मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवरची निदानरेषा, तिच्यापुढं एक मीटरवर बोनसरेषा. अंतरं अर्थातच अंदाजानं. चहाचे सात ग्लास बचावाला उभे करतो. “हे बगा. सात जण उभे असले की बोनस मिळतो, सहा असले तरी मिळतो. अनुप काय करायचा? ह्या रेषेच्या पलीकडं पाय टाकायचा, दुसरा पाय हवेत, आन् वापस. रोज चार-पाच गुण असेच. सिद्धार्थचं तसं न्हाई. त्यो डायरेक कोपऱ्यावर जातो.” तो कोपऱ्यातला ग्लास उचलून मध्यरेषेपर्यंत ओढत आणतो, बाकीचे ग्लास त्याच्यामागं कलंडतात. “असा गडी असला की समोरचे कोपरे पुढं यायला भेतात. ते भेले की दुसऱ्या चढाईवाल्याला रान मोकळं. एकट्याचे गुण नका मोजू, त्याच्यामुळं दुसऱ्याला भेटलेले मोजा.”

किती नेमकं बोलला तो! मी कबड्डीवरची पुष्कळ भाष्यं ऐकली आहेत, पण पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू संघाला नेमकं काय देतो हे इतक्या सोप्या भाषेत क्वचित ऐकलं.

त्याला उत्तर देतात ते मुनीमकाका. मोंढ्यातल्या एका अडत दुकानात ते वर्षानुवर्षं हिशेब लिहितात; कुणी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण आकडे त्यांना तोंडपाठ असतात.

“बाळा, तुह्यं खरं हाय. आता मह्यं ऐक. संघाला खर्चायला किती?”

“चार कोटी चाळीस लाख.”

“एकाला एक पंचेचाळीस देले तर ऱ्हायले दोन कोटी पंच्याण्णव. संघात कमीत कमी अठरा गडी लागत्यात. म्हंजे सतरा जणाला वाटून सतरा-साडेसतरा लाख. त्यात कोपरे घे, मधले घे, बदली घे. मोंढ्यात आम्ही रोज हर्रास बघतो. एका ढिगावर दोघं अडून बसले की भाव मालाचा ऱ्हात न्हाई, हट्टाचा होतो. शाना व्यापारी तिथून निघून शेजारच्या ढिगावर जातो.”

“पण काका, माल तर आपलाच व्हता!”

“व्हता. मंग आपलाच व्हता म्हनून दुप्पट भाव द्यायचा का?”

यावर एकदम चार जण बोलतात. एक जण म्हणतो नरवालऐवजी सिद्धार्थच ठेवायचा होता, फरक छप्पन लाखांचाच तर आहे. दुसरा म्हणतो कोपऱ्यात इराणचा फजल अत्राचली आहे, एवढा बचाव पुरे. कोपऱ्यात बसलेला पुण्याचा एकमेव पाठीराखा तेवढ्यात खबर देतो की पुणेरी पलटणनं नितीन तोमरची बोली जुळवली, १ कोटी २० लाखांना. “आम्ही आमचा माणूस जाऊ देला न्हाई.” हे वाक्य दादाच्या वर्मी लागतं. तो डबा उचलतो आणि काही न बोलता पाळीला निघून जातो.

तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे. तोंडाशी आलेलं गिळून टाका आणि पुढं चला.

१६ ऑक्टोबर २०१९. विधानसभेची निवडणूक पाच दिवसांवर आलेली. अहमदाबादला उपांत्य सामना, यू मुंबा विरुद्ध बंगाल वॉरियर्स. होय, सिद्धार्थशिवायची मुंबा शेवटच्या चारांत आहे. चढायांचं ओझं अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल, रोहित बलियान यांनी वाटून घेतलंय. एकाची पकड झाली की दुसरा जातो. मागं फजल आणि नरवाल दोन्ही कोपरे धरून आहेत. बाकड्यावर कुणी बसलेलं नाही, सगळे टीव्हीखाली उभे. मुंबा ३७-३५ अशी हरते. दोन गुणांनी.

“सिद्धार्थ असता तर...” पोरगा म्हणतो, आणि मुनीमकाका पहिल्यांदाच काही बोलत नाहीत.

दोन गुण म्हणजे एक लोण किंवा एक अव्वल पकड. एवढ्या फटीतून कुठलाही ‘असता तर’ आत येतो. पण त्या हंगामाची गुणतालिका समोर ठेवा. लिलावातले तीन सर्वांत महागडे खेळाडू तिघेही चढाईपटू होते. सिद्धार्थचा तेलुगू टायटन्स अकरावा आला. तोमरचा पुणेरी पलटण दहावा. ९४ लाखांचा राहुल चौधरी घेणारा तमिळ थलायवाज बारावा, म्हणजे शेवटचा. संघ होते बारा. सिद्धार्थनं तेलुगूसाठी खेळ कमी केला असं अजिबात नाही. त्यानं तिथंही २०० च्या वर गुण आणले. पण तीस सेकंदांची चढाई संपली की पुढच्या तीस सेकंदांत समोरचा येतो. त्याला अडवायला माणसं लागतात, आणि ती तुटपुंज्या पैशांत उभी राहत नाहीत. मुनीमकाकांचा हिशेब मोहालीच्या टीव्हीखालीच चुकता झाला होता, निकाल सहा महिन्यांनी लागला.

आणखी एक थांबा घ्या. १ मार्च २०२४, शुक्रवार. दहाव्या हंगामाची अंतिम लढत हैदराबादला, पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. हॉटेलात आता मोठा टीव्ही आहे आणि चहा महागलाय. त्या संध्याकाळी एकटा असलेला पुण्याचा पाठीराखा आज बाकड्याच्या मधोमध बसलाय. पुण्याची चढाई कुणाकडे आहे बघा: नगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत. तिघेही तरुण, संघानं हाताशी धरून वाढवलेले. आणि पैसा कुठं लावलाय? इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर, २ कोटी ३५ लाख. तो प्रामुख्यानं पकडी करणारा. पंकज एका चढाईत चौघांना घेऊन परततो आणि अख्खं हॉटेल दणाणतं. पुणे २८-२५ असं जिंकतं, पहिल्यांदाच विजेतेपद. समोरच्या हरियाणा संघात, एक कोटींना घेतलेला, सिद्धार्थ देसाई आहे. मधल्या काळात खांद्याच्या दुखापतीनं त्याचा बराच खेळ खाल्ला.

हे कळल्यावर ८ एप्रिलच्या त्या बाकड्यावर परत जाऊन काय सांगावं? मी असतो तर दोन गोष्टी सांगितल्या असत्या. मुंबानं सिद्धार्थला सोडलं ते बरोबर केलं. आणि सिद्धार्थ गेला तेही बरोबरच झालं. ज्या खेळात एक वाईट पडणं कारकीर्द निम्म्यावर आणतं, त्या खेळात शेतकऱ्याच्या पोराला एका संध्याकाळी १ कोटी ४५ लाख मिळत असतील तर त्यावर ‘गद्दार’ हा शब्द कुणी उच्चारू नये. त्या रात्री बाकड्यावर तो उच्चारला गेला. दादानंच उच्चारला.

तिसरीही एक आहे, पोरासाठी. त्या एप्रिलमध्ये सगळे सिद्धार्थच्या आकड्यावर भांडत होते तेव्हा अर्जुन देशवाल हा गडी मुंबाच्याच संघात होता आणि बाकड्यावर त्याचं नाव एकदाही निघालं नाही. २०२१ मध्ये जयपूरनं त्याला ९६ लाखांना नेलं. पुढच्या वर्षी, नवव्या हंगामात, त्यानं चढाईचे २९६ गुण घेतले, स्पर्धेत सर्वांत जास्त, आणि जयपूरनं चषक उचलला. मुंबाची खरी हळहळ करायची असेल तर ती त्याच्यासाठी करा. तेव्हा येत्या लिलावाला कोटींच्या आकड्यांवर रात्र घालवू नका; आपल्या संघानं कायम ठेवलेल्या आणि शेवटी शेवटी पायाभूत किमतीत गेलेल्या पोरांची यादी नीट वाचा.