कोऱ्या कळा

गेल्या दिवाळीत पुण्याहून सेनगावला निघालो, तेव्हा बॅगेत लॅपटॉपच्या जोडीला एक वेगळा कीबोर्ड टाकला. घरी पोचल्यावर आईनं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "जुना घेतलास का रे? सगळी अक्षरं गेलीत की ह्याची." तो जुना नव्हता. माझ्या खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून जास्त पैसे मोजून नवाकोरा घेतला होता. त्याची किंमत मी आईला आजवर सांगितलेली नाही.

हा हॅपी हॅकिंग कीबोर्ड. जपानच्या पीएफयू कंपनीचा. लांबी एक फुटापेक्षा थोडी कमी आणि कळा फक्त साठ. वरची एफ-वनपासूनची रांग नाही, उजवीकडचे आकडे नाहीत, बाणांच्या कळासुद्धा नाहीत. बाण हवा असेल तर एफएन दाबून दुसरीच एखादी कळ दाबायची. नेहमी कॅप्स लॉक असतो तिथं कंट्रोल आहे. आणि मी घेतलेल्या आवृत्तीत कळांवर काहीच छापलेलं नाही. सगळ्या कळा कोळशाच्या रंगाच्या, सारख्या, गप्प. बोटांना दिशा सापडावी म्हणून मधल्या रांगेत दोन कळांवर बारीक उंचवटे आहेत, बस्स.

हाताला तो कसा लागतो हे सांगणं अवघड आहे. रूढ अर्थानं हा मेकॅनिकल कीबोर्ड नव्हे. बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डात धातूला धातू टेकतो आणि टिकटिक होते. इथं प्रत्येक कळीखाली रबराची टोपी आणि तिच्या आत शंकूच्या आकाराची बारीक स्प्रिंग असते. कळ दाबली की स्प्रिंग दबते, विद्युतधारकता बदलते आणि त्यावरून कळ दाबल्याचं यंत्राला समजतं. दोन टोकं एकमेकांना टेकावी लागत नाहीत. ही रचना तोप्रे नावाच्या जपानी कंपनीची. जोर लागतो सुमारे ४५ ग्रॅम. सुरुवातीला किंचित अडते, मग एकदम आत जाते आणि परत येताना बोटाला हलकेच वर ढकलते. आवाज टिकटिकीपेक्षा 'थप' असा, ओल्या मातीवर बोट आपटल्यासारखा.

माझं काम दिवसभर टाइप करण्याचं. त्यामुळे ही हौस आहे असं मी स्वतःला सांगत होतो. पण हा कीबोर्ड मी सेनगावला नेला तो मामांसाठी.

मामा टायपिस्ट. मराठी तीस आणि चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा पास झालेले. आधी हिंगोलीत आणि नंतर सेनगावला तहसीलसमोर टेबल टाकून त्यांनी पंचवीसेक वर्षं अर्ज टाइप केले. सातबाऱ्यावरची चूक, वारसाची नोंद, फेरफार, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र. लोक उभे राहून सांगायचे आणि मामा ऐकता ऐकता ते कायद्याच्या भाषेत उतरवायचे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांची बोटं आपोआप 'जि. परभणी' उमटवायची आणि कागद वाया जायचा, हे ते अजून हसत सांगतात. डोक्याला बदल कळला होता, बोटांना कळायला वेळ लागला.

बोटांच्या ह्या स्मरणशक्तीवरच माझा कीबोर्ड उभा आहे. तो ज्यांच्या विचारातून आला ते एइइती वादा हे टोकियो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकाच प्रयोगशाळेत सन कंपनीचं यंत्र, मॅकिन्टॉश आणि साधा पीसी शेजारी शेजारी असत आणि प्रत्येकावर कंट्रोल, डिलीट, एस्केप वेगवेगळ्या जागी. माणूस एका यंत्रावरून उठून दुसऱ्यावर बसला की बोटं चुकायची. वादांनी कमीत कमी कळांचा, कुठल्याही यंत्राला जोडता येईल असा स्वतःचा कीबोर्ड असावा अशी कल्पना मांडली. पीएफयूनं डिसेंबर १९९६ मध्ये तो बाजारात आणला. तोप्रेच्या कळा त्यात २००३ साली आल्या. त्यामागचा विचार वादांनी घोड्याच्या खोगिराची उपमा देऊन समजावला होता: अमेरिकेतल्या गुराख्याचा घोडा मेला तर तो घोडा टाकून देतो, पण खोगीर खांद्यावर घेऊन चालू लागतो. संगणक बदलत राहतील, कीबोर्ड मात्र माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. तो त्याच्यासोबत जायला हवा.

हे वाचलं तेव्हा मला मामांचं टेबल आठवलं. त्यांच्या बाबतीत नेमकं उलट झालं होतं. प्रत्येक नव्या घोड्यानं त्यांना नवं खोगीर घ्यायला लावलं.

आमच्या भागात मराठी टायपिंगचा धंदाच तसा उशिरा आला. हैदराबाद संस्थानाची राजभाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानं राज्यकारभाराची भाषा मराठी ठरवली. म्हणजे मामांच्या आजोबांनी जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, आणि नातवानं तसलाच कागद मराठीत टाइप करून पोट भरलं. दरम्यान १९५५ पासून गोदरेज अँड बॉइस कंपनी देशी टाइपरायटर बनवत होती. मामांकडचं मशीन गोदरेजचंच, तेही दुसऱ्या हातचं.

आता ह्या मशीनची अडचण बघा. इंग्रजीला सव्वीस अक्षरं पुरतात. १८७४ मध्ये रेमिंग्टननं बाजारात आणलेल्या टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणी थोड्या फरकानं आजही माझ्या लॅपटॉपवर आहे. मराठीला स्वर, व्यंजनं, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं आणि वर ळ. कळा पंचेचाळीसच्या आसपास, प्रत्येकीवर दोन चिन्हं, म्हणजे सगळी मिळून नव्वदेक. तेवढ्यात सारी लिपी बसवायची. म्हणून अक्षरांचे तुकडे केले. अर्धा ख आणि काना मिळून ख. अर्धा श आणि काना मिळून श. काना आणि मात्रा मिळून ओकार. अनुस्वार, मात्रा, उकार उमटताना मशीनची गाडी पुढे सरकायची नाही, कारण ती चिन्हं अक्षराच्या वरखाली बसवायची होती. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या डावीकडे, म्हणून ती अक्षराआधी मारायची. 'हिंगोली' लिहिताना आधी वेलांटी, मग ह. उच्चार काहीही असो, मशीनला कागदावर दिसणारा क्रम कळायचा. मामांची बोटं हा क्रम शिकली.

मग संगणक आले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी पुढे आणली. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचं स्थान मिळालं. इंजिनियर म्हणून मला ही मांडणी फार सुंदर वाटते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, ग ची दाबली की घ, त ची दाबली की थ. महाप्राण म्हणजे शिफ्ट. आणि क्रम उच्चाराचा: आधी ह, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन बसवण्याचं काम संगणकाचं. टाइपरायटर डोळ्याच्या क्रमानं चालत होता, इन्स्क्रिप्ट कानाच्या क्रमानं चालते.

फक्त मामांच्या बोटांचा विचार त्यात नव्हता. शिवाय ही मांडणी एकटी आली नाही. कचेऱ्यांत, छापखान्यांत आयएसएम आलं, श्रीलिपी आली, आकृती आली. प्रत्येकाचे फॉन्ट वेगळे आणि आतले संकेतही वेगळे. एका संगणकावरचा अर्ज दुसऱ्यावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. हे निस्तरायला युनिकोड आलं, आणि आता माझ्या वयाची बहुतेक मुलं रोमन अक्षरांत 'sengav' अशासारखं काहीतरी बडवून देवनागरी उमटवतात. हे वाक्य लिहितानाच मला रोमन अक्षरं वापरावी लागली, यात सगळं आलं. मीही वर्षानुवर्षं तेच करत होतो.

ज्यांनी माझा कीबोर्ड बनवला त्या जपानातही हेच घडलं. १९८० साली फुजित्सू कंपनीनं ओअॅसिस नावाच्या वर्ड प्रोसेसरवर अंगठा-शिफ्ट कीबोर्ड आणला. एका कळीवर दोन कानाक्षरं. दुसरं हवं असेल तर अंगठ्याखालची कळ सोबत दाबायची. रोमन लिपीतून जपानी लिहिताना एका कानाक्षराला बहुधा दोन ठोके लागतात, इथं एक. त्यावर लिहिणारी माणसं त्याला जीव लावून होती. तरी बाजार रोमनकडे गेला आणि २०२० मध्ये फुजित्सूनं हे कीबोर्ड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझा हॅपी हॅकिंग कीबोर्ड टिकला त्याचं एक कारण उघड आहे: तो इंग्रजी मांडणीच्या पाठीवर बसला होता. कळा कोऱ्या ठेवण्याची चैन तिथंच परवडते, जिथं दीडशे वर्षं अक्षरांनी जागा सोडलेली नाही.

गोदरेजनं २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. तोवर तहसीलसमोर झेरॉक्स आणि संगणकाची दुकानं झाली होती. मामांनी पुढे तीनेक वर्षं ओढली. मग एका दुकानात संगणकावर बसून पाहिलं, पण तिथली मांडणी वेगळी होती. दुकानातला पोरगा त्यांना "काका, क इथं आहे" असं दाखवायचा. पंधरा दिवसांत त्यांनी सोडलं. आम्ही घरात म्हणायचो, मामांना कॉम्प्युटर जमला नाही. मी तर इंजिनियरिंगला होतो. सर्वांत आधी मीच म्हणालो होतो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवर रेमिंग्टन मांडणी बसवली आणि कीबोर्ड मामांपुढे ठेवला.

"ह्याला अक्षरं कामून नाहीत?"

"मामा, तुम्हाला लागतात का?"

ते हसले. क्लासमध्ये मास्तर खिळ्यांवर पुठ्ठ्याचं झाकण घालायचे म्हणाले, चोरून बघू नये म्हणून. चष्मा काढला, हात पुसले, ते दोन उंचवटे बोटांनी चाचपले आणि सुरू झाले. पहिल्या ओळीला सगळ्या कळा तळापर्यंत आदळल्या. गोदरेजवर चार कागदांखालच्या शेवटच्या कार्बनपर्यंत ठसा पोचवायची सवय. ४५ ग्रॅमचं त्यांना काय! हळूहळू हात हलका झाला. पडद्यावर उमटत होतं: मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, सेनगाव, जि. हिंगोली. विषय: वारसा नोंद होणेबाबत.

काही चिन्हं त्यांच्या मशीनपेक्षा इकडची तिकडं होती, कारण मी बसवलेली मांडणी हिंदीच्या वळणाची. अशा जागी ते अडले. पहिली चूक झाली तेव्हा त्यांनी हात उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मला आधी कळलंच नाही. ते खोडरबर शोधत होते. मी त्यांना डिलीटची कळ दाखवली. तीही नेहमीच्या कोपऱ्यात नव्हती, एक ओळ खाली होती. त्यांनी एकदा दाबून पाहिली आणि पुन्हा शोधावी लागली नाही.

अर्ज पूर्ण झाला. एका पानाला नऊ मिनिटं लागली. दहा-बारा वर्षांनी हात लावलेल्या माणसाची ही गती.

"मग जमत होतं की तुम्हाला," मी म्हणालो.

"मला कधी नव्हतं जमत?" मामा म्हणाले. "त्या दुकानात अक्षरं दुसरीकडं होती."

एवढंच. मी जे बारा वर्षं चुकीचं म्हणत होतो त्याला त्यांच्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं; मी विचारलं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मी इन्स्क्रिप्ट शिकायला घेतली. रेमिंग्टन शिकून मला मामांचे हात मिळणार नव्हते, आणि मराठीची मांडणी कुठंतरी एका जागी थांबावी असं मनापासून वाटत असेल तर मी तरी एक निवडायला हवी होती. ह्या दोन्ही मांडण्यांत र, मात्रा आणि ऱ्हस्व वेलांटी योगायोगानं त्याच कळांवर आहेत. 'रे' लिहितो तेव्हा माझी बोटं मामांच्याच कळांवर पडतात. बाकी सगळं वेगळं.

हा लेख पूर्णपणे त्या कोऱ्या कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये लिहिला. मिनिटाला चौदा शब्द. फोनवर मामांना गती सांगितली तर म्हणाले, तीसच्या परीक्षेला नापास होशील, रोज एक पान मारत जा.