अमजद खान नावाचा फोन

जुलै 2021 मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत गंभीर आरोप केला. 2016-17 मध्ये ते खासदार असताना त्यांचा फोन टॅप केला गेला होता. कागदावर नाव होते 'अमजद खान' आणि कारण होते अमली पदार्थांचा धंदा. पुढे बच्चू कडू यांच्या नंबरसाठी 'निजामुद्दीन बाबू शेख' हे नाव वापरल्याचे समोर आले. सगळीच खोटी नावे मुस्लिम नव्हती. आशिष देशमुखांसाठी 'रघू चोरगे' हे नाव वापरल्याचे सांगितले गेले. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्यामुळे ही नावे कोणी आणि का निवडली, याचा निवाडा झालाच नाही. पण 'अमजद खान' हे नाव वाचून कोणी दुसऱ्यांदा चौकशी केली नसावी, असे मला वाटते.

आमच्या परभणी जिल्ह्यात हा विषय निघाला की माणसे आवाज खाली आणतात. "फोनवर नको, भेटून बोलू" हे वाक्य पाथरीपासून जिंतूरपर्यंत ऐकू येते. 2016 मध्ये परभणीत एटीएसने अटका केल्या, तेव्हापासून ते जास्तच ऐकू येते. गुन्हेगारावर नजर ठेवू नये, असे कोणीच म्हणत नाही. भीती वेगळी आहे. नजर ठेवायला गुन्हा लागतो की नुसते नाव पुरते, हा तो प्रश्न.

पाळतीचा इतिहास जुना आहे. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला तारेवरचा संदेश अडवण्याचा अधिकार दिला, 1898 च्या पोस्ट कायद्याने पत्र अडवण्याचा. इंग्रज गेले, कायदे राहिले. आमच्या घरी कराचीला गेलेल्या नातेवाइकांना पत्र लिहिताना फक्त खैरियत लिहायची, असा वडीलधाऱ्यांचा शिरस्ता होता. पत्र वाटेत कोणीतरी वाचणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

18 डिसेंबर 1996 ला पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला लगाम घातला. गृहसचिवांचा लेखी आदेश हवा, आदेशात कारण हवे, मुदत दोन महिन्यांची आणि वाढवली तरी सहा महिन्यांपुढे नाही. लगाम ढिला आहे, कारण परवानगी देणारे आणि तपासणारे दोघेही सरकारी अधिकारीच असतात. तरीही त्यातून कागद तयार होतो. 'अमजद खान' पकडला गेला तो या कागदामुळेच.

आता स्पायवेअरकडे या. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे पेगासस तार अडवत नाही, थेट हँडसेटमध्ये शिरते. मग मेसेज, फोटो, माइक, कॅमेरा सगळे त्याच्या हाती जाते. व्हॉट्सॲपचे एन्क्रिप्शन इथे उपयोगी पडत नाही, कारण मेसेज तुमच्याच स्क्रीनवर वाचला जातो. 2019 मध्ये नुसत्या व्हॉट्सॲप कॉलने, तो उचलला नाही तरी, जगभरातले सुमारे 1,400 फोन लक्ष्य झाले. त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणातले नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि तेव्हा गोव्यात शिकवणारे आनंद तेलतुंबडे होते. आपण फक्त सरकारांनाच विकतो, असे कंपनी म्हणते. आपल्या सरकारने ते घेतले की नाही, हे आजवर स्पष्ट सांगितलेले नाही.

27 ऑक्टोबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. ऑगस्ट 2022 मध्ये समितीचे निष्कर्ष न्यायालयात मांडले गेले. 29 फोन तपासले, 5 मध्ये मालवेअर सापडले, पण ते पेगाससच आहे असे ठरले नाही. केंद्राने सहकार्य केले नाही, हेही सांगितले गेले. एप्रिल 2025 मध्ये न्यायालय म्हणाले, देशाने स्पायवेअर बाळगण्यात गैर नाही, प्रश्न ते कोणावर वापरले जाते हा आहे. बरोबर आहे. पण आदेशाचा कागद कोणी दाखवतच नसेल, तर 'कोणावर' याचे उत्तर कुठे शोधायचे? अमेरिकेत व्हॉट्सॲपने खटला लढवला आणि 2025 मध्ये एनएसओला दंड झाला, व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्यास कायमची मनाईही झाली.

हेरगिरीशिवाय राज्य चालत नाही, हे मान्य. बहिर्जी नाईकांनी सुरतेची खबर काढली, पण ती शत्रूच्या मुलखातली. आपल्या रयतेच्या घरात डोकावणे वेगळे. इस्लाममध्ये त्याला 'तजस्सुस' म्हणतात आणि सूरह हुजुरातमध्ये ते मना आहे. हजरत उमर यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. खलिफा रात्री भिंत चढून एका घरात उतरले आणि दारू पिणाऱ्याला पकडले. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन. तुम्ही हेरगिरी केलीत, दाराने आला नाहीत, सलामही केला नाहीत. खलिफा निमूट परतले.

आपण काय करायचे? आधी घाबरणे सोडा. पेगासससारखी महागडी हत्यारे पत्रकार, वकील, कार्यकर्ते, नेते यांच्यासाठी असतात. तुमच्या-माझ्या फोनला खरा धोका व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या चलानाच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलचा आहे. ती उघडू नका. अपडेट आले की लगेच घ्या. फोन रोज एकदा बंद करून चालू करा; काही स्पायवेअर त्याने निघून जाते, मात्र पुन्हा येऊ शकते. जोखमीचे काम करणाऱ्यांनी आयफोनवर लॉकडाऊन मोड चालू करावा. ॲपल किंवा व्हॉट्सॲपकडून इशारा आला तर तो आधी त्यांच्या अधिकृत साइटवर किंवा ॲपमध्ये पडताळा. खरा निघाला तर फोन घाईने रीसेट करू नका, पुरावा जातो. आधी जाणकाराला दाखवा.

आणि एक मागणी लावून धरा. फोनमध्ये शिरण्याची परवानगी सचिवाने नव्हे, न्यायाधीशाने द्यावी, आणि तपास संपल्यावर संबंधिताला ते कळवावे. असा नियम असता तर त्या अर्जावरचा अमजद खान कोण, कुठला, त्याने काय केले, हे कोणीतरी सही करण्याआधी विचारले असते.