हायड्रोजनच्या गाडीची दोनशे वर्षे

पाण्यापासून मिळणारा आणि जळून पुन्हा पाणीच होणारा वायू मोटारीत भरावा, आणि धूर व परदेशी तेल या दोन्हींतून एकदमच सुटावे, ही कल्पना कोणालाही भुरळ घालील अशीच आहे. वर्तमानपत्रांतून ती वारंवार वाचावयास मिळते आणि ती अगदी नवी आहे असा बहुतेकांचा समज होतो. वस्तुतः हायड्रोजनचे, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतल्या उद्जनाचे, एंजिन हे पेट्रोलच्या एंजिनाहून वयाने वडील आहे. मग धाकट्याने सारे जग व्यापले आणि वडील मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला, असे का झाले? याचे उत्तर सापडले तर या इंधनाच्या भवितव्याविषयीही काही बोलता येईल.

१७६६ साली हेन्री कॅव्हेंडिशने या ज्वालाग्राही वायूचे स्वतंत्र रूप दाखवून दिले. पुढे १८०७ साली फ्रान्स्वा इझाक द रिवाझ या स्विस गृहस्थाने त्यावर चालणाऱ्या एंजिनाचे पेटंट फ्रान्समध्ये घेतले. हा गृहस्थ तोफखान्यातला निवृत्त अधिकारी. स्फोटाने गोळा फेकला जातो, तर त्याच स्फोटाने दट्ट्या का ढकलला जाऊ नये, असा त्याचा विचार. हायड्रोजन आणि हवा एकत्र करून विजेच्या ठिणगीने पेटवावयाची, ही त्याची युक्ती. १८१३ साली त्याने मोठी गाडी बांधली आणि ती स्वतःच्या बळावर काही अंतर गेलीही. पण वायू न्यावयाचा तो पिशवीत. पिशवी रिकामी झाली की प्रवास संपला.

१८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लन्वारने आपले एंजिन पुढे आणले. ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवर चाले, आणि त्या वायूचा जवळजवळ निम्मा भाग हायड्रोजनच असे. कारखान्यांतून अशी एंजिने शेकड्यांनी बसली, कारण रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी वायूचे नळ शहरात आधीच टाकलेले होते. मात्र नळाला बांधलेले एंजिन जागच्या जागीच फिरणार; त्याला रस्त्यावर कसे आणावे?

ते कोडे पेट्रोलियमपासून निघणाऱ्या द्रवाने सोडविले. १८८८ साली बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून निघाल्या. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी ते विकत घेतले. जे इंधन बाटलीत मावते, दुकानात ठेवता येते आणि खेड्यातही मिळते, त्याच्याशी पिशवीतल्या वायूने स्पर्धा कशी करावी? पेट्रोलचा विजय हा जितका उष्णतेचा, तितकाच सोयीचा होता.

पेट्रोल नाहीसे झाले की काय होते, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. १९४१ साली लेनिनग्राडला वेढा पडला. शत्रूच्या विमानांना अडविण्यासाठी शहरावर हायड्रोजनचे फुगे सोडलेले असत, आणि ते खाली ओढणारे रहाट मोटारट्रकांच्या एंजिनांवर चालत. पेट्रोल संपत आले, तेव्हा बोरिस शेलिश्च या तरुण लष्करी तंत्रज्ञाला सुचले, की फुग्यातला निकामी होऊन सोडून द्यावा लागणारा हायड्रोजनच एंजिनात का घालू नये! आरंभी स्फोट झाला. मग मध्ये पाण्याची आडभिंत ठेवून त्याने ज्वाला मागे जाण्यास अटकाव केला, आणि रहाट फिरू लागले. येथे हायड्रोजन यशस्वी झाला, कारण तो ट्रकाच्या डोक्यावरच तरंगत होता. वेढा उठला, पेट्रोल आले आणि ही युक्ती मागे पडली.

त्याच युद्धात आपल्याकडे पेट्रोलवर नियंत्रण आले आणि सर्व्हिस मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. निघण्यापूर्वी भट्टी पेटवावी, पंख्याने वारा घालावा, आणि मग गाडीने घाटात दम टाकावा, असा तो प्रकार. स्वीडनमध्ये लाकूड व कोळशाच्या वायूवर ७०,००० हून अधिक वाहने धावली. रान जवळ होते, म्हणून ते साधले. पेट्रोल परतताच तीही गेली.

१९६६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने हायड्रोजनपासून वीज करून चालणारी व्हॅन बनविली. ती धावली, परंतु टाक्या व नळ्यांनीच ती एवढी भरली, की माणसांना नाममात्र जागा उरली. अडचण या वायूच्या प्रकृतीतच आहे. वजनास वजन धरले तर त्याची उष्णता पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट; पण एक किलो हायड्रोजन नेहमीच्या दाबाला ११,००० लिटरांहून अधिक जागा व्यापतो. मोटारीत मावावा म्हणून त्याला वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबावे लागते, किंवा उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून द्रव करावे लागते.

दुसरे असे, की हायड्रोजन खाणीतून कोळशासारखा उपसून आणावयाचा नसतो. तो बहुधा घडवावा लागतो. आज जगात तो मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासूनच होतो, म्हणजे धूर गाडीच्या नळीतून निघून कारखान्याच्या धुराड्यात जातो, इतकेच. पाण्यापासून विजेने काढावा, तर एका किलोस ५० युनिटांहून अधिक वीज लागते, आणि दाबण्या-वाहण्यात व गाडीत पुन्हा वीज करण्यात मूळ विजेचा सुमारे तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. तीच वीज बॅटरीत भरली तर बहुतांश चाकापर्यंत जाते.

याउलट जी इंधने रुजली त्यांच्याकडे पाहावे. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले, त्याबरोबरचा वायू नळाने किनाऱ्यास आला, आणि पुढे टॅक्सी-रिक्षा त्यावर धावू लागल्या. उसाच्या मळीपासून मद्यार्क करणारे कारखाने महाराष्ट्रात होतेच. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. पण तेथेही शेत आणि पाऊस यांची मर्जी लागते. पाऊस कमी झाला, तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. ब्राझीलनेही १९७५ पासून मद्यार्काच्या मोटारींचा मोठा उद्योग उभारला, आणि त्या दशकाच्या पुढच्या दशकाअखेर मद्यार्काच्या टंचाईने लोकांचा विश्वास गमावला.

तर मग हायड्रोजनला भवितव्यच नाही काय? तसे नव्हे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बनलेली हायड्रोजनची बस पुण्यातच लोकांसमोर आली. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने हरित हायड्रोजनच्या मोहिमेस १९,७४४ कोटी रुपये मंजूर करून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठरविले. खत आणि पोलाद यांच्या कारखान्यांत, जेथे हायड्रोजन जागच्या जागी करून तेथेच वापरता येतो, तेथे त्याचा पाय लवकर रोवला जाईल. त्यानंतर लांब पल्ल्याच्या, ठराविक रस्त्याच्या अवजड गाड्या. दारातल्या मोटारीचा नंबर शेवटचा, आणि तो येईलच असे इतिहास सांगत नाही. २०२४ साली कॅलिफोर्नियात एका मोठ्या तेल कंपनीने मोटारींसाठीची आपली हायड्रोजन केंद्रे बंद केली. गाड्या शाबूत, पण भरावयाचे कोठे?

उद्या आपल्याही नगरपालिकेपुढे अशा बसगाड्यांचा प्रस्ताव येईल. त्या बसमागे पाण्याचीच वाफ निघते हे पाहून आपण टाळ्या वाजवू, आणि त्या रास्तही ठरतील. पण पैसा आपल्या करांतून जावयाचा आहे; तेव्हा नागरिकांनी सभेत उठून तीन गोष्टी विचाराव्यात: हा वायू कशापासून केला, येथवर कसा आणला, आणि पाच वर्षांनी तो कोण पुरविणार? एंजिन चालेल काय, हे विचारण्याची गरज नाही. ते द रिवाझच्या काळापासून चालतेच आहे.