मद्य, महसूल आणि यजमान

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तिला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. प्रशासनाचा अभ्यासक म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

१९७७ मध्ये तेथील कंत्राटी मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली. त्याच वर्षी झालेल्या गोळीबारात ११ जणांचे प्राण गेले. पुढे मजुरी वाढली. पण वाढलेला पैसा दारूच्या दुकानाकडे वाहू लागला. तेव्हा संघटनेनेच दारूविरोधी मोहीम हाती घेतली आणि खाणीत राबणाऱ्या स्त्रिया तीत अग्रभागी राहिल्या. १९९१ मध्ये भिलाईत नियोगींची हत्या झाली.

याउलट शासनाची दृष्टी पाहा. मध्यप्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा नागपूरच्या राजवटीतला. छत्तीसगडात तो दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. विक्री कोणी करावी, कर किती भरावा, हा त्याचा मुख्य विषय. २०१७ मध्ये तर राज्याने किरकोळ विक्रीच सरकारी महामंडळाकडे घेतली. परवाना मिळाला म्हणजे मेजवानी सुरक्षित झाली, असा समज येथूनच रुजतो.

परवाना विक्रीपुरता असतो. पाहुण्याची जबाबदारी यजमानाचीच. आपल्याकडे पंगतीत आग्रह करणे हा गुण मानतात. मद्याच्या बाबतीत तोच आग्रह दोष ठरतो. न पिणाऱ्यास कारण विचारू नये, त्याच्यासाठी सरबत तितक्याच मानाने ठेवावे. अन्न आधी वाढावे, पेला न विचारता भरू नये, अल्पवयीनांच्या हाती तो जाऊ देऊ नये. कॉफीने वा गार पाण्याच्या अंघोळीने नशा उतरत नाही. ती केवळ वेळेने उतरते. मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा घातली आहे. पण नाक्यावरचा पोलीस ती तपासेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. किल्ली काढून घेऊन पाहुण्याच्या मुक्कामाची वा वाहनाची सोय करणे हे यजमानाच्याच हाती असते.

दल्ली-राजहराच्या मजुरांनी संपूर्ण त्यागाचा मार्ग धरला. प्रत्येक घर तो धरील असे नाही. मात्र आपल्या माणसांची काळजी शासनावर सोपवून मोकळे होता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पेला भरणाऱ्या प्रत्येक हाताने तेवढे तरी त्यांच्याकडून शिकावे.